स्नायडर विरुद्ध फेल्प्स मुळातून वाचायचा, ऐकायचा तर: अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे संकेतस्थळ आणि ‘ओयेझ’

‘अमेरिकेत सैनिकाच्या अंत्यविधीच्या दारात उभे राहून देवाच्या नावाने शिव्याशाप दिले तरी चालते’ असे ठोकून देणारे पुष्कळ भेटतात. त्यातला ‘दारात’ हा शब्दच चुकीचा आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे. सैनिकांच्या अंत्यविधींजवळ निदर्शने करणाऱ्या वेस्टबोरो बॅप्टिस्ट चर्चवर, म्हणजे पाद्री फेल्प्स आणि मंडळींवर, मृत सैनिकाचे वडील स्नायडर यांनी भरपाईसाठी लावलेल्या या खटल्याचे निकालपत्र, युक्तिवादाचे ध्वनिमुद्रण आणि शब्दशः नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. खाते उघडायला लागत नाही, जाहिराती नाहीत. सोय उत्तम आहे, पण मांडणी वकिलांना डोळ्यांपुढे ठेवून केलेली. नवखा माणूस पहिल्याच वळणावर अडतो.

अडतो तो सालापाशी. या एका खटल्याला तीन साले चिकटलेली आहेत. क्रमांक 09-751, म्हणजे अर्ज 2009 च्या सत्रातला. युक्तिवाद झाला 6 ऑक्टोबर 2010 ला. निकाल लागला 2 मार्च 2011 ला. न्यायालयाचे सत्र ऑक्टोबरात सुरू होते आणि पुढच्या ऑक्टोबरापर्यंत त्याच सालाने ओळखले जाते. त्यामुळे 2011 च्या यादीत शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ‘ओरल आर्ग्युमेंट्स’मध्ये जायचे, ‘आर्ग्युमेंट ऑडिओ’ निवडायचा, सत्र 2010 घ्यायचे आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पाहायचे. निकालपत्रासाठीही सत्र 2010 च. उद्धृत करायचे असेल तर पक्का मजकूर यूएस रिपोर्ट्स या न्यायालयाच्या अधिकृत निकालमालेच्या खंड 562 मध्ये, पान 443 पासून आहे. निकालाच्या दिवशी निघते ती ‘स्लिप’ प्रत. तिच्यात नंतर किरकोळ दुरुस्त्या होऊ शकतात, आणि पान क्रमांकही वेगळे असतात.

निकालपत्राची पीडीएफ उघडली की आधी ‘सिलॅबस’ लागतो. हा सारांश न्यायालयाचे निकाल-संपादक वाचकांच्या सोयीसाठी तयार करतात. तो निकालाचा भाग नाही, तशी सूचना तिथेच छापलेली असते आणि ती कोणी वाचत नाही. सारांशातले वाक्य ‘न्यायालय म्हणाले’ म्हणून वापरणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. दुसरी गफलत पान क्रमांकांची. स्लिप प्रतीत बहुमताचा निकाल, न्या. ब्रेयर यांचे सहमतीचे वेगळे मत आणि न्या. अलिटो यांचे विरोधी मत, तिन्ही पान 1 पासून सुरू होतात. म्हणून नुसते ‘पान 7’ म्हणून भागत नाही, पानाच्या माथ्यावर कोणाचे मत आहे तेही पाहावे लागते.

या दस्तऐवजाची खरी किंमत आहे त्यातल्या वस्तुस्थितीच्या भागाला, आणि घाईत नेमका तोच गाळला जातो. मार्च 2006, मेरीलँडमधले वेस्टमिन्स्टर. निदर्शक सात: पाद्री फ्रेड फेल्प्स, त्यांच्या दोन मुली आणि चार नातवंडे. जागा सार्वजनिक रस्त्याकडेची, 10 फूट बाय 25 फूट, तात्पुरत्या कुंपणामागची. चर्चपासून अंतर सुमारे 1,000 फूट, आणि मध्ये इमारती. अंत्यविधीआधी साधारण 30 मिनिटे फलक धरले, भजने म्हटली, बायबलमधली वचने वाचली. पोलिसांना आधी कळवलेले होते, आणि पोलिसांनी दाखवलेल्या जागेतच ते उभे राहिले. अंत्ययात्रा त्यांच्यापासून 200 ते 300 फुटांवरून गेली. मृत सैनिकाच्या वडिलांना तेव्हा फलकांचे फक्त वरचे टोक दिसले. त्यावर काय लिहिले होते ते रात्री दूरचित्रवाणीच्या बातम्यांत कळले. ‘मेलेल्या सैनिकांबद्दल देवाचे आभार’, ‘तू नरकात जाणार’, शिवाय समलिंगींना आणि कॅथलिक पाद्र्यांना उद्देशून बरेच काही.

ज्यूरीने वडिलांना 29 लाख डॉलर भरपाई आणि 80 लाख डॉलर दंडात्मक भरपाई दिली. जिल्हा न्यायालयाने दंडात्मक रक्कम 21 लाखांवर आणली, अपील न्यायालयाने सगळेच रद्द केले, आणि सर्वोच्च न्यायालयाने 8 विरुद्ध 1 मतांनी अपिलाचा निकाल कायम केला. मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स मजकूर, स्वरूप आणि संदर्भ ही तीन मापे लावतात. एकदोन फलक त्या कुटुंबाला उद्देशून आहेत असे धरले, तरी एकूण रोख देश, सैन्य, चर्च अशा सार्वजनिक विषयांकडेच आहे, असा त्यांचा निष्कर्ष. भाषण सार्वजनिक विषयावरचे, जागा सार्वजनिक, म्हणून अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीतले भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण.

आता तळटीप 1 वाचा. पाहिजे तर आधी तीच वाचा. अंत्यविधीनंतर चर्चने इंटरनेटवर या कुटुंबाविषयी नावानिशी मजकूर टाकला होता. खटल्यात त्याचा उल्लेख ‘एपिक’ असा होतो. सर्वोच्च न्यायालयाकडे केलेल्या अर्जात तो मुद्दा घेतलेलाच नव्हता, म्हणून बहुमताने तो बाजूला ठेवला. याउलट अलिटो यांच्या विरोधी मताचा मोठा आधार तोच आहे. ही तळटीप वाचायची राहिली तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या पुराव्यांवर का बोलताहेत तेच उमगत नाही. अंत्यविधीजवळच्या निदर्शनांवर बंधने घालणारे कायदे निकालाच्या वेळी मेरीलँडसह 44 राज्यांत आणि संघ पातळीवर होते, तो प्रश्न वेगळा, हेही बहुमताच्याच मजकुरात आहे. मेरीलँडचा कायदा 2006 च्या त्या दिवशी लागू झालेला नव्हता. निकाल मर्यादित आहे हे न्यायालय स्वतःच लिहिते.

अलिटो यांचे मत कंटाळा न करता शेवटपर्यंत वाचावे. प्रसिद्धीचा हा धंदा कसा चालतो ते त्यांनी उघडे केले आहे: पेन्सिल्व्हेनियातल्या आमिश या ख्रिस्ती पंथातल्या मुलींचे आणि टूसॉनमधल्या 9 वर्षांच्या मुलीचे अंत्यविधी होते, तिथली निदर्शने चर्चने मागे घेतली ती रेडिओवर फुकट वेळ मिळाल्यावर.

ध्वनिमुद्रण तासाभराचे, दोन्ही बाजूंना 30-30 मिनिटे. सगळ्या युक्तिवादांचे ध्वनिमुद्रण आठवड्याच्या शेवटी संकेतस्थळावर टाकण्याची पद्धत याच 2010 च्या सत्रापासून पडली, त्यामुळे हा त्या सोयीच्या पहिल्या खटल्यांपैकी एक. पहिली पाच मिनिटे तरी ऐकाच. वडिलांचे वकील सुरुवात करतात ती ‘आपण एका अंत्यविधीबद्दल बोलत आहोत’ अशी. न्या. स्कॅलिया लगेच विचारतात, फक्त अंत्यविधीबद्दलच का? पुढे तळटीप 1 मध्ये जाऊन बसलेली अडचण इथे कानावर पडते. छापील नोंदीत हा खटका जाणवत नाही, दोन आडव्या रेघा दिसतात एवढेच.

छापील नोंदीला पानागणिक 25 ओळी आणि प्रत्येक ओळीला क्रमांक असतो, म्हणून संदर्भ ‘पान:ओळ’ असा द्यायचा. शेवटी शब्दसूची असते. एखादा शब्द कुठे कुठे आला ते पाच मिनिटांत सापडते. खोट अशी की मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की ओळींचे क्रमांकही मध्ये घुसतात आणि हाताने काढत बसावे लागते.

इथे ‘ओयेझ’ हे युक्तिवाद ऐकवणारे वेगळे संकेतस्थळ कामाला येते, तेही फुकट. आवाज आणि मजकूर तिथे जोडलेले आहेत. ज्या वाक्यावर टिचकी मारावी तिथून ऐकू येते, आणि बोलणारे न्यायमूर्ती कोण तेही दिसते. नऊ आवाज ओळखायची सवय नसेल तर आधी इथेच ऐकावे. मात्र पान:ओळ इथे मिळत नाही, तेव्हा उद्धृत करण्यापूर्वी न्यायालयाच्या प्रतीशी ताडून घ्यावे.

निराशा होते ती पक्षकारांच्या लेखी निवेदनांबाबत. सर्वोच्च न्यायालयात इलेक्ट्रॉनिक दाखल-पद्धत 13 नोव्हेंबर 2017 ला सुरू झाली. त्यामुळे 09-751 च्या नोंदवहीत कोणी कधी काय दाखल केले याच्या ओळी आहेत, कागद उघडत नाहीत. वडिलांच्या बाजूने 48 राज्यांनी निवेदन दिले होते. ते वाचायचे तर दुसऱ्या संग्रहांकडे जावे लागते.

दुसरी उणीव मोठी. निकालापुढे काय झाले त्याचा धागा इथे मिळत नाही. 2012 च्या संघीय कायद्याने सैनिकी अंत्यविधींभोवती 300 फुटांची हद्द आणि आधी-नंतर दोन-दोन तासांची मर्यादा घातली. त्याच वर्षी आठव्या सर्किटच्या, म्हणजे मिसुरी ज्यात येते त्या संघीय न्यायविभागाच्या, अपील न्यायालयाने मिसुरीतल्या मँचेस्टर शहराचा 300 फूट आणि आधी-नंतर एकेक तास असा नियम वैध ठरवला, आणि आव्हान देणारी वेस्टबोरोचीच मंडळी होती. हे शोधायला त्या सर्किटच्या संकेतस्थळावर जावे लागते. तिथे युक्तिवादाचा आवाज आणि मजकूर ओयेझसारखा जोडलेला नाही, तेवढी तयारी ठेवून जावे.