ईजीएफआर काढायचं अ‍ॅप: दिसायला यथातथा, पण आतलं गणित एक नंबर

घरात कुणाचे किडनीचे रिपोर्ट येत असतील तर ईजीएफआर काढायचं एखादं अ‍ॅप फोनमध्ये असलेलं बरं, म्हणून एक फुकटवालं घेतलं आणि बरेच दिवस वापरतोय. क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, जो किडनी गाळून बाहेर टाकते), वय, स्त्री की पुरुष एवढंच भरायचं, की किडन्या मिनिटाला अंदाजे किती मिलिलिटर रक्त गाळतायत तो आकडा, म्हणजेच ईजीएफआर, येतो. दिसायला अगदी साधं, रंग भडक, जाहिराती आहेतच. पण अशा अ‍ॅपमध्ये बघायचं असतं ते आत कुठलं समीकरण बसवलंय, बाकी सगळं नंतर.

माझ्यावाल्यात सीकेडी-ईपीआय 2021 नावाचं समीकरण आहे, आणि तिथेच ते जिंकतं. फरक कळायला हे करून बघा, क्रिएटिनिन 1.2 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) टाका. 45 वर्षांच्या पुरुषाचं उत्तर येतं 76, आणि 75 वर्षांच्या बाईचं 47! नुसतं क्रिएटिनिन वाचणाऱ्याला दोघं सारखीच वाटणार, पण बाईंचा आकडा 60 च्या खाली आहे आणि तो तीन महिने तसाच राहिला तर त्याला क्रॉनिक किडनी डिसीज, म्हणजे किडनीचा दीर्घकाळचा आजार, म्हणतात. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं ना, वयाबरोबर स्नायू कमी झाले की रिपोर्ट उगाच चांगला दिसतो.

या समीकरणामागे बोस्टनच्या टफ्ट्स मेडिकल सेंटरमधल्या अँड्र्यू लेव्ही या डॉक्टरची जवळजवळ अख्खी करिअर आहे, आणि मला तर अ‍ॅपपेक्षा त्यातच जास्त इंटरेस्ट आला. सुरुवात झाली एमडीआरडी नावाच्या ट्रायलपासून, प्रोटीन कमी खाल्लं आणि बीपी आणखी खाली ठेवलं तर किडनी सावकाश खराब होते का हे बघायला ती केली होती. 1994 ला निकाल आला, आहाराचा फायदा काही ठामपणे दिसला नाही. पण त्यात शेकडो पेशंटचा जीएफआर, म्हणजे किडनीचा गाळण्याचा वेग, आयोथॅलामेट नावाचं द्रव्य टोचून खरोखर मोजलेला होता, लेव्ही आणि मंडळींनी तोच डेटा घेऊन 1999 ला 1628 लोकांवरून समीकरण काढलं आणि ते जगभरच्या लॅबमध्ये गेलं. ट्रायलचं नाव आज लोकांना माहीत आहे ते या समीकरणामुळेच. गोची अशी की ते सगळे किडनीचे पेशंट होते, त्यामुळे धडधाकट माणसाचा आकडा कमी यायचा आणि लॅबवाले नुसतं '60 च्या वर' लिहून मोकळे व्हायचे. ते 2009 च्या पहिल्या सीकेडी-ईपीआय समीकरणाने बरंचसं सुधारलं.

तरी एक गोष्ट राहिलीच होती. पेशंट कृष्णवर्णीय असेल तर 2009 चं समीकरण आकडा सुमारे 16 टक्के वाढवायचं, म्हणजे किडनी कागदावर बरी आणि ट्रान्सप्लांटच्या यादीत नाव लागायला उशीर. त्यावर अमेरिकेत खूप वाद झाला आणि 2021 ला लेस्ली इंकर, लेव्ही आणि सहकाऱ्यांनी वंश काढून नवं समीकरण दिलं. स्वतःचंच काम दोनदा दुरुस्त करणारा संशोधक, मला हे भारी वाटलं. तुमचं अ‍ॅप अजून वंश विचारत असेल तर सरळ डिलीट करा.

आता नावडलेलं. युनिट बदलायचं बटण इतकं बारीक आहे की मायक्रोमोलवर राहून गेलं आणि तुम्ही 1.2 टाकलं तर भलतंच उत्तर येतं आणि अ‍ॅप चकार शब्द काढत नाही. बॉडीबिल्डर, पाय कापलेला माणूस, गरोदर बाई, क्रिएटिन पावडर घेणारे, यांच्यासाठी हा अंदाज भरवशाचा नाही हे कुठेतरी ठळक लिहायला हवं होतं, तेही नाही. सिस्टॅटिन सी (किडनी तपासायला मोजतात ते रक्तातलं प्रोटीन) टाकायची जागा नाही, खरं तर क्रिएटिनिन आणि ते दोन्ही मिळून काढलेला आकडा जास्त अचूक असतो. आणि लघवीतल्या अल्ब्युमिनचा (एक प्रोटीन) रकाना नाही हे मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण ईजीएफआर 90 असूनही अल्ब्युमिन जात असेल तर किडनीला इजा झालेली असू शकते आणि हे अ‍ॅप तेव्हा मस्त हिरवा टिक दाखवतं. पाचपैकी साडेतीन, ते हिरवं टिक काढलं तर चार देईन.