व्हॅक्यूम सीलर आणि धुरीची मासोळी: दिवाळीपासूनचा अनुभव

पिशवीतली हवा ओढून तिचं तोंड चिकटवणारं आमचं मशीन. मागच्या आठवड्यात त्याने सील करणं सोडलं. हवा ओढते, घुर्र करते, दिवाही लागतो, पण पट्टी तापतच नाही. वॉरंटी बाकी होती म्हणून कंपनीला फोन लावला. पलीकडून पहिलाच प्रश्न आला, "सर, यात पॅक काय करता?" म्हटलं, मासोळी. "मग ओलावा आत गेला असेल सर, ते वॉरंटीत बसत नाही."

अरे भाऊ, तुमच्या खोक्यावर चित्र कशाचं आहे? लालचुटूक मासोळीचे तुकडे, वर लिंबाची फोड! तिथे गाजर-वाटाणा छापला असता तर मी गप्प बसलो असतो. खोक्याचा फोटो पाठवला, मॅनेजरला फोनवर बोलावलं, आवाज थोडा चढवला, तेव्हा कुठे पट्टी फुकटात बदलून मिळाली. कुरिअरचं भाडं मात्र माझ्या माथी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दुरुस्तीवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे पट्टी या किमतीतल्या सगळ्याच मशीनची जाते.

पण माझा खरा राग पट्टीवर नाही, पिशवीवर आहे. या मशीनला साधी प्लॅस्टिकची पिशवी चालत नाही. आतून खडबडीत नक्षी असलेलीच लागते, कारण हवा त्या खाचांमधून बाहेर पडते. त्या पिशवीचा रोल वेगळा विकत घ्यायचा. ठीक आहे, घेतला. आता तुकडा वीतभर असला तरी पिशवी वीतभर कापून भागत नाही. तोंड मशीनच्या खाचेत पोहोचायला आणि सीलला जागा राहायला वर चार बोटं जास्त सोडावी लागतात. ती चार बोटं कचऱ्यात. पिशवी उघडून अर्धा माल काढला आणि परत सील केली, की आणखी चार बोटं. मी टेप घेऊन हिशोब केला: पाच मीटरच्या रोलमधला जवळपास तिसरा हिस्सा आपण हवेसाठी विकत घेतो. बरं, मासोळीची पिशवी धुऊन परत वापरावी तर तेही नाही. कच्च्या किंवा धुरीच्या मासोळीला लागलेली पिशवी पुन्हा वापरायची नसते, नक्षीच्या खाचांतली चिकटी निघत नाही. सौ. म्हणते, "अहो, कटला स्वस्त पडला आणि कफन महाग." मशीन विकून कंपनी काय कमावत असेल कोण जाणे, रोल विकून नक्कीच कमावते.

तर मासोळीला धुरी द्यायचा आमच्याकडचा उद्योग असा. मेहुण्याची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. म्हातारी झाडं काढली की लाकूड फुकटात येतं. गव्हाची जुनी स्टीलची कोठी, खाली शेगडी, वर जाळी. नीलगिरी, रंगवलेलं लाकूड, प्लायवूडचे तुकडे यांच्या वाटेला जात नाही. मासोळी नागपुरातल्या भोईपुरा किंवा मंगळवारी बाजारातून. कटला, रोहू, आणि मरळ मिळाली तर चांदी. सात वाट्या पाण्याला एक वाटी मीठ, त्यात तासभर तुकडे, मग वरची कातडी चिकट-कोरडी होईपर्यंत पंख्याखाली. धुरी देताना सगळ्यांत जाड तुकड्यात थर्मामीटरची सळई खुपसायची आणि आत ६५ अंश दिसले की तिथून अर्धा तास मोजायचा. रंग त्याच्या कितीतरी आधी येतो. रंगाला भुलू नका, रंग धुराचा असतो आणि शिजवणं आचेचं.

हिवाळ्यात मी या मशीनला पाच तारे दिले होते. ते तारे चवीचे होते आणि चवीपुरते आजही कायम आहेत. मासोळीचं तेल हवेमुळे खवट होतं. हवाच नसली तर फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने चव छान राहते. तुकड्यांना बर्फाचे पांढरे कोरडे डाग पडत नाहीत. शेजारच्या कुल्फीला धुराचा वास लागत नाही, हे आमच्या घरातल्या शांततेसाठी फार मोलाचं आहे.

मात्र खोक्यावर आणखी एक ओळ आहे: "पाचपट जास्त टिकतं." या एका ओळीचे दोन तारे मी आज कापतोय.

सौ. मायक्रोबायॉलॉजी शिकवते. तिने पहिल्या दिवशीच पिशव्या फ्रीजच्या खालच्या खणात ठेवू दिल्या नाहीत, सरळ फ्रीजरमध्ये. मला वाटायचं, मास्तरणीचा कडकपणा. पण तिचं कारण ऐकण्यासारखं आहे. मासोळी नासवणारे नेहमीचे जंतू हवेत वाढतात, वास सोडतात, बुळबुळ करतात, आणि आपण तुकडा फेकून देतो. हवा काढली की हे जंतू मागे पडतात. त्यांच्या जागी ज्याला हवा नकोच असते तो वाढू शकतो: विष तयार करणारा जंतू, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. त्याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली झोपलेली रूपं, तळ्या-नद्यांच्या गाळात असतात, तिथून मासोळीच्या आतड्या-कल्ल्यात येतात. आपल्या ६५ अंशांनी बीजाणू मरत नाहीत. मासोळीत सापडणारा त्याचा ई प्रकार जेमतेम साडेतीन अंशांच्या थंडीतही वाढू शकतो, आणि वाढताना ना वास येतो ना चव बदलते. म्हणजे व्हॅक्यूमने धोक्याची घंटा तेवढी काढून घेतली, धोका तिथेच राहिला. अमेरिकेत १९६३ साली ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांकडच्या धुरीच्या, व्हॅक्यूम पॅक केलेल्या मासोळीतून याच ई प्रकाराने माणसं दगावली होती. आज तिथे अशा पॅकबंद मासोळीच्या अंगातल्या पाण्यात किमान साडेतीन टक्के मीठ असावं लागतं, आणि वर थंडीही पाळावी लागते. ते मीठ प्रयोगशाळेत मोजतात. माझ्या सात वाट्यांच्या हिशोबात किती उतरलं हे कोठीपाशी उभं राहून सांगता येत नाही, म्हणून मिठाच्या भरवशावर मी बसत नाही.

ज्यांच्या घरी ही मासोळी खाल्ली जाते त्यांनी या विषाची लक्षणं ध्यानात ठेवा: नजर धूसर होणं, एकाची दोन दिसणं, पापण्या जड होणं, जीभ अडखळणं, गिळता न येणं. बहुधा खाल्ल्यावर १२ ते ३६ तासांत, कधी त्याहून उशिरा. ॲसिडिटीची गोळी खाऊन वाट बघत बसू नका, तडक मोठं हॉस्पिटल गाठा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा.

आता फ्रीजबद्दल. सौ.च्या सांगण्यावरून आत ठेवायचा साधा थर्मामीटर आणला. मशीनपुढे किंमत म्हणजे चणे-फुटाणे, पण या सगळ्या खरेदीत पैसा वसूल झाला तो यातच. हिवाळ्यात मधल्या खणात मागच्या बाजूला ४ दाखवायचा, दारात ७. एप्रिलमध्ये कूलरच्या दमट हवेत आणि पोरांच्या दर दहा मिनिटांनी थंड पाण्यासाठी उघडणाऱ्या हातांत तोच मधला खण ९-१० वर गेला. फ्रीजचा आकडा "५ वर ठेवलाय" म्हणजे आत पाच अंश असतात असं समजणारे आमच्या सोसायटीत निम्मे निघाले. धुरीच्या मासोळीला तीन अंशांच्या आतली थंडी हवी. नागपूरच्या मे महिन्यात घरातला फ्रीज ती देईल, यावर मी पैज लावणार नाही. म्हणून आमचा नेम असा: चार-पाच दिवसांत खायची ती मासोळी बटर पेपरात सैल गुंडाळून सगळ्यांत थंड कोपऱ्यात; बाकीची सील करून त्याच दिवशी फ्रीजरमध्ये. फ्रीजरही तपासा. एका दाराच्या जुन्या फ्रीजमधला वरचा बर्फाचा कप्पा उणे १८ पर्यंत पोहोचतोच असं नाही.

सासूबाई नवेगावबांधकडच्या. त्यांना हा सगळा चोचला वाटतो. "जवाईबापू, आमच्या घरी चुलीवर टांगलेली मासोळी पावसाळाभर पुरे. तुम्ही तिले प्लॅस्टिकात कायले कोंडून राह्यले?" त्यांचं खरंच आहे. पण ती मासोळी काडीसारखी वाळलेली, मोडली तर कट्‌ वाजणारी. तिच्यात जंतूला प्यायला पाणीच उरत नाही, म्हणून ती बाहेर टिकते. आमची मऊ, रसाळ, बोटाने पापुद्रे सुटणारी. दोघींवर धूर सारखाच बसला म्हणून दोघी सारख्या टिकत नाहीत. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि जाताना दोन पाकिटं मागितली. बर्फाच्या डब्यात दिली.

पॅक करण्याची युक्ती फुकटात घ्या, कंपनी सांगत नाही. गरम तुकडा कधीच सील करू नका, आत वाफेचं पाणी सुटतं. आधी जाळीवर उघडाच थंड करा, पण तासाच्या आत फ्रीजमध्ये टाका; बाहेर ४५ अंश असताना "खोलीच्या तापमानाला थंड होऊ द्या" याला काही अर्थ नाही. मग तुकडे ताटात मांडून फ्रीजरमध्ये कडक होऊ द्या आणि मग पिशवीत भरा. रस ओढला जात नाही, सील नीट बसतं, पट्टीही जास्त चालेल असं वाटतं. पिशवीवर तारीख टाका. आणि खायला काढताना पिशवी बंद ठेवून वितळू देऊ नका: आधी कोपरा कापा, मग रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. व्हॅक्यूममध्येच वितळली की तोच बिनहवेचा खेळ पुन्हा सुरू.

जूनच्या वादळात आमची लाइट रात्रभर गेली. फ्रीजर गच्च भरलेला असला आणि दार उघडलं नाही तर माल दोन दिवस तग धरतो, अर्धा असला तर एक दिवस. फ्रीजचा खालचा भाग चार तासच. मी दाराला चिकटपट्टी लावून पोरांना पळवून लावलं. सकाळी बर्फाचे कण शाबूत होते, माल वाचला.

बांगड्याबद्दल एक बोलून संपवतो. इकडे तो किनाऱ्यावरून बर्फात येतो, तेलकट असल्याने धुरीला झकास. पण वाटेत कुठे तापला असेल तर त्यात हिस्टामिन हे ॲलर्जीसारखा त्रास देणारं द्रव्य साठतं. ते शिजवून, धुरी देऊन, गोठवून जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल, अंगाला खाज, डोकं ठणकतं. म्हणून बर्फात पुरलेलाच घेतो, टोपलीतला वरवर गार वाटणारा नाही. मशीन कितीही भारी असलं तरी बाजारात बिघडलेला माल ते सुधारत नाही.

एकूण तीन तारे. ज्याच्याकडे धड फ्रीजर आहे आणि जो महिन्याला चार किलो तरी मासोळी करतो, त्याने घ्यावं. ज्याला फ्रीजच्या खालच्या खणात पंधरा दिवस मासोळी ठेवायची आहे, त्याने तर मुळीच घेऊ नये. तूरडाळ आणि काजूला झकास चालतं. आणि घेणार असाल तर रोल २८ सेंटिमीटर रुंदीचाच मागवा. २२ च्या पिशवीत कटल्याचा मधला तुकडा आडवा बसत नाही, उभा घातला की वर चार बोटांऐवजी आठ बोटं वाया जातात.