ध्येय-नियोजनाची ख्रिस्ती वही: वर्षभराच्या वापरानंतर

ख्रिस्ती व्यक्तीने आयुष्यातील प्राधान्यक्रम कसा ठरवावा, या प्रश्नाभोवती रचलेली ही नियोजन-वही मी पूर्ण वर्ष वापरली. सर्वसाधारण दैनंदिनी पहिल्या पानावरच ध्येये विचारते. ही वही मात्र आधी बायबलमधील मत्तय 6:33 हे वचन समोर ठेवते आणि देवाच्या राज्याला पहिले स्थान द्यायचे असेल तर आपला वेळ व पैसा सध्या कुठे जातो, याचा आठवडाभर प्रामाणिक हिशेब मांडायला लावते. त्या हिशेबाने मी अस्वस्थ झाले, कारण प्रार्थना माझ्या यादीत सर्वांत वर होती आणि दिवसात सर्वांत शेवटी.

तिमाही पाने विशेष विचारपूर्वक आखलेली आहेत. बुरूज बांधण्यापूर्वी खर्चाचा अंदाज घेणाऱ्या माणसाचे लूक 14:28 मधील उदाहरण घेऊन प्रत्येक ध्येयासमोर ‘यासाठी मी काय सोडणार?’ असा रकाना दिला आहे, आणि शेजारीच, प्रत्येक बेत प्रभूच्या इच्छेवर सोपवायला शिकवणाऱ्या याकोब 4:15 च्या आधाराने, बदललेल्या योजनांसाठी मोकळी जागा ठेवली आहे. आजारपणात माझे दोन महिने कोरे गेले, तेव्हा या मोकळ्या जागेमुळेच मी वही बाजूला टाकली नाही.

मोठी उणीव अशी की मंडळी (चर्चमधील विश्वासणाऱ्यांचा समुदाय) आणि शेजारी यांच्यासाठी केवळ अर्धे पान आहे. कागद व बांधणी उत्तम आहे. नव्याने विश्वासात आलेल्यांनी ती एखाद्या अनुभवी विश्वासणाऱ्यासोबत वापरावी, कारण वचनांचे संदर्भ भरपूर असले तरी स्पष्टीकरण फारच थोडे आहे.