हॅमंडचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर: वापरून आवाज ‘खुलतो’ का?

फेंडर डीलक्स रिव्हर्ब या व्हॉल्व्हवर (काचेच्या इलेक्ट्रॉन नळ्यांवर) चालणाऱ्या गिटार अँपचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणारा ट्रान्सफॉर्मर जळाला, तर कॅनडातल्या हॅमंडचा बदली ट्रान्सफॉर्मर डोळे झाकून घ्यावा. फक्त ‘शंभर तास वाजवा, मग खुलेल’ या सल्ल्यावर विसंबू नका. पहिल्या दिवशी आवाज पटला नाही, तर दोष दुसरीकडे आहे.

आत असतं काय? सिलिकॉन स्टीलच्या पातळ पट्ट्यांचा गाभा (कोर), त्यावर इनॅमलच्या तांब्याच्या तारेची गुंडाळी (वाइंडिंग), कागद आणि वार्निश. वाजवून मऊ पडावं असं त्यात काहीच नाही. तापल्यावर तांब्याचा रोध अंशामागे 0.39 टक्के वाढतो. 300 ओहमचं वाइंडिंग 40 अंशांनी तापलं की 347 ओहम होतं. थंड झालं की पुन्हा 300. बदल आहे, पण तो टिकत नाही.

खरा बदल स्पीकरमध्ये होतो. नव्या 12 इंची स्पीकरच्या कागदी शंकूची कड ताठ असते, ती वाजवून सैल पडते आणि खर्ज मोकळा होतो. ट्रान्सफॉर्मरसोबत स्पीकर आणि व्हॉल्व्हही बदलले, की श्रेय भलत्यालाच जातं.

शंका असेल तर मोजा. अँप बंद करून फिल्टर कपॅसिटर (बंद अँपमध्येही धोकादायक व्होल्टेज साठवून ठेवणारे) रिकामे करा, मल्टिमीटरने खात्री करा. प्रायमरीची (व्हॉल्व्हच्या बाजूच्या वाइंडिंगची) निळी, तपकिरी आणि लाल तार सोडवा, स्पीकरही काढा. वेगळ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून निळ्या-तपकिरी तारांना 6.3 व्होल्ट एसी द्या. 6,600 ते 8 ओहम म्हणजे फेऱ्यांचं गुणोत्तर सुमारे 28.7, 8 ओहमच्या बाजूला 0.22 व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. दोन्ही व्होल्टेज मोजून गुणोत्तर लिहून ठेवा, सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. तेच येईल. ते बरंच ढळलं, तर आत फेरे शॉर्ट असण्याची शक्यता मोठी. स्पीकर न जोडता अँप वाजवल्याने असं होऊ शकतं.

बसवल्यावर अँप किंचाळला, तर निळी आणि तपकिरी तार अदलाबदल करा. फीडबॅक, म्हणजे आउटपुटमधून मागे नेलेला सिग्नल, उलटा जोडला गेलेला असतो. आउटपुटच्या दोन व्हॉल्व्हच्या (6V6) करंटमधला फरक 3–4 मिलिअँपिअरच्या आत ठेवा, नाहीतर कोर एका बाजूला चुंबकित राहतो आणि खर्ज लवकर फाटतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट तपासाच. 120 व्होल्टचा अमेरिकन अँप 110 व्होल्टच्या स्टेप-डाउनवर (घरातला 230 व्होल्टचा पुरवठा उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) चालवला, तर व्हॉल्व्ह तापवणारा 6.3 व्होल्टचा हीटर 5.8 वर येतो आणि व्हॉल्व्हच्या प्लेटवरचं व्होल्टेजही आठेक टक्के घटतं. आवाज मलूल होतो, नवा ट्रान्सफॉर्मर बदनाम होतो. 120 व्होल्टचा स्टेप-डाउन घ्या.