बचत गटाचं कर्ज घ्यावं की फायनान्सचं?

चाळीस हजारांची गरज आहे, गहाण ठेवायला काही नाही. अशा वेळी गावातल्या बाईला बचत गट तरी आठवतो, नाहीतर दारात येणारा मायक्रोफायनान्स कंपनीचा माणूस. तारण दोन्हीकडे लागत नाही, पण कर्जांची जात वेगळी.

बचत गटात आधी स्वतःची बचत पडते, मग बँकेचं कर्ज. नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या बँकेने १९९२ मध्ये ही जोडणी सुरू केली. आपल्याकडे ‘उमेद’ या सरकारी अभियानाचे आणि ‘माविम’चे (महिला आर्थिक विकास महामंडळ) गट त्याच वाटेने जातात. कंपनीही बायकांचा गट करते, पण त्यात बचत नसते, असते ती एकमेकींची हमी. शेजारणीचा हप्ता चुकला की मीटिंगमध्ये बाकीच्यांकडे बघितलं जातं.

व्याजाचं गणित मांडूनच बघा. दोन वर्षांच्या मासिक हप्त्यांत, घटत्या शिलकीवर (म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवरच) कंपनीने वर्षाला २४ टक्के लावले तर चाळीस हजारांवर साधारण १०,७५० रुपये व्याज जातं. गटाने महिना शेकडा एक लावला तर ५,२०० च्या आसपास, आणि त्यातला गटाचा वाटा गटातच राहतो. उमेदच्या गटांना तीन लाखांपर्यंत बँक ७ टक्क्यांनी देते, गट त्यावर थोडं चढवतो.

मग कंपनीकडे कुणी का जावं? कारण गट नवा असेल तर सहा महिने बचत, वह्या, बैठका, मग बँकेचे हेलपाटे. सचिवाने वही लिहिलेली नसेल तर सगळंच अडतं. दवाखाना तेवढा थांबत नाही.

धंद्यासाठी घेत असाल तर पैसा हातात कधी येतो ते बघा. डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी मिळतं, त्यातून हप्ता निघतो. शेळीचं तसं नाही: गाभण राहिल्यावर व्यायला पाच महिने, करडू विकण्याजोगं व्हायला आणखी सहा-आठ. कंपनीचा हप्ता मात्र लगेच सुरू. शेळीसाठी मी तरी गटाचंच घेईन, थांबावं लागलं तरी.

कंपनीचं घ्यायचंच ठरलं तर एकीचंच. दुसरीचं घेऊन पहिलीचा हप्ता भरणं सुरू झालं की २०१० मध्ये आंध्रात काय झालं ते आठवावं: कर्जावर कर्ज चढलं आणि वसुलीच्या तगाद्यात आत्महत्यांपर्यंत गोष्ट गेली. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर येता येत नाही. सहीआधी कर्जाच्या कार्डावर वर्षाचा दर आणि विम्याची कपात वाचून घ्या. ‘शेकडा फक्त एक’ हे मूळ रकमेवर असेल तर घटत्या शिलकीवर तो बावीस टक्क्यांच्या घरात जातो.