चायना ग्रास: पट्ट्या घ्याव्या की पावडर?

किराणा दुकानात चायना ग्रास दोन रूपांत मिळतं, पांढऱ्या पट्ट्या आणि पावडर. पाकिटावर ‘आगर-आगर’ असंही लिहिलेलं असतं. माडांच्या आगराशी त्याचं काही नातं नाही. शब्द मलय भाषेतला आणि वस्तू लाल समुद्री शेवाळाची. दोन्ही प्रकार गोड आणि तिखट-आंबट जेलीसाठी वापरून पाहिल्यावर कौल पावडरीला.

पट्ट्यांचं काम वेळखाऊ. कात्रीने इंचभर तुकडे करायचे, धुवायचे (नाहीतर शेवाळाचा वास राहतो), अर्धा तास भिजवायचे आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटं उकळायचे. डावाच्या पाठीवर काचेसारखे कण दिसले तर अजून विरघळलेलं नाही. दहा ग्रॅमला लिटरभर दूध हे नेहमीचं प्रमाण मऊ पुडिंगसाठी ठीक, पण सुरीने चौकोन पाडायचे तर पाऊण लिटरच घ्यावं. पावडर गार पाण्यावर भुरभुरून दहा मिनिटं ठेवली की दोन-तीन मिनिटांच्या उकळीत विरघळते. गरम पाण्यात थेट टाकली तर गुठळ्या होतात, वरून फुगलेल्या आणि आत कोरड्या. साखर नेहमी पावडर विरघळल्यावरच घालावी.

खरी परीक्षा सोलकढीच्या जेलीत. पावडर वाटी-चमच्याने नव्हे, वजनानेच मापावी: अडीचशे मिली पाण्यात ६ ग्रॅम पावडर, दोनशे मिली नारळाचा दाट रस, ५० मिली आगळ (कोकमाचा मीठ घातलेला दाट रस), ठेचलेली लसूण-मिरची. साध्या जेलीला अर्ध्या लिटरला ५ ग्रॅम पुरतात, इथे आंबटपणामुळे ग्रॅमभर जास्त. आगळ पावडरीबरोबर उकळलं की आम्लामुळे जेलीची ताकदच जाते आणि रात्रभर ठेवूनही नुसती सरबरीत राहते. म्हणून आधी पाणी आणि पावडर उकळावी, गॅस बंद करावा, मग कोमट केलेला नारळाचा रस घालावा. रस उकळला तर फुटतो, वर तेल येतं. फ्रिजमधला थंड ओतला तर मिश्रण जागच्या जागी गोठून शेवयांसारखे धागे होतात, कारण चायना ग्रास साधारण चाळीस अंशांखाली धरायला लागतं. आगळ सगळ्यात शेवटी. मीठ घालायचं नाही, आगळात असतंच!

शहाळ्याची जेली याहून सोपी. पाण्यातलं दीडशे मिली ५ ग्रॅम पावडरीबरोबर उकळायचं आणि बाकीचं साडेतीनशे न उकळता, बाहेरच्या तापमानाचं मिसळायचं. सगळं उकळलं तर शहाळ्याची चवच उडते. मलईचे तुकडे मिश्रण धरू लागल्यावर घालावेत, तोवर ते तळाशी बसतात.

दोन थरांची करायची तर खालच्या थरावर साय धरली पण बोटाला चिकटतोय, तेव्हाच दुसरा ओतावा. पूर्ण गार झालेल्या थरावर ओतला की कापताना वरचा घसरून येतो.

जिलेटिनशी तुलना केली तर खोट एकच: तोंडात विरघळत नाही, चावावं लागतं. पण मे महिन्यात जिलेटिनची जेली ताटात आली की पाणी सोडते. कच्चा अननस किंवा पपई घातली तर ती मुळात धरतच नाही. चायना ग्रासला दोन्हींचा त्रास नाही, आणि शाकाहारी घरात विचारायचा प्रश्नही उरत नाही.

शहाळ्याची जेली फसली, फार मऊ झाली, तर पुन्हा उकळून ग्रॅमभर पावडर (थोड्या गार पाण्यात कालवून) घातली की सावरते. आगळाची सावरत नाही. फ्रीझरमध्ये कुठलीच ठेवू नये, स्पंजासारखी होऊन पाणी सुटतं. आणि पावसाळ्यात पावडरीचं पाकीट फोडलं की लगेच घट्ट झाकणाच्या बरणीत, चिमटा लावून चालत नाही.