हवेतल्या लहरी गोळा करणारी पाटी : डिचोलीच्या दुकानातून

गोव्यातल्या डिचोलीत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, 26 वर्षं झाली. मे महिन्यात भाच्याने मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. तळहाताएवढी हिरवी पाटी, तिच्यावर तांब्याच्या 25 बारीक कड्या, आणि खाली ओळ : हवेतल्या लहरींवर मोबाईल चार्ज करा. किंमत 2,350 रुपये. त्या ओळीवर माझा विश्वास बसला नाही, पण कड्या बघून हात शिवशिवले. मागवून टाकली.

मोबाईलचं आधीच सांगतो, म्हणजे कुणाचे पैसे वाया जायला नकोत. चार्ज होत नाही, होणारही नाही. घरातला वायफाय राउटर फार तर 100 मिलिवॉटच्या लहरी सोडतो आणि त्या चहूकडे पसरतात. एक मीटरवर पोचेपर्यंत त्या साडेबारा चौरस मीटरवर विखुरलेल्या असतात. 10 बाय 10 सेंटीमीटरच्या पाटीच्या वाट्याला येतात 80 मायक्रोवॉट, तेही राउटर क्षणभर न थांबता बोलत राहिला तर. साधा चार्जर 5 वॉट देतो, साठ हजार पटींहून जास्त. जाहिरातीत 7.3 व्होल्ट हा आकडा ठळक छापलाय. तो अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या 2013 सालच्या प्रयोगाचा आहे. तिथे अशाच पाच कड्यांनी 900 मेगाहर्ट्झच्या लहरींतून एवढा विजेचा दाब मिळवला, जवळपास 37 टक्के कार्यक्षमतेने. पण त्या लहरी प्रयोगशाळेत मुद्दाम सोडलेल्या होत्या. दुसऱ्याच्या कष्टाचा आकडा आपल्या मालावर चिकटवणं मला पटलं नाही. विक्रेत्याला दोनदा कळवलं, जाहिरात आहे तशीच आहे.

आता पाटीबद्दल. भिंगाखाली धरली तेव्हा मी दुकान बंद करायचं विसरून बसलो होतो. प्रत्येक कडीला एका जागी केसाएवढी फट. कडी म्हणजे एका वेढ्याची कॉइल आणि फट म्हणजे कंडेन्सर, वीज साठवणारा भाग. जुन्या रेडिओत गँग कंडेन्सर फिरवून आपण स्टेशन लावायचो, तीच जोडी इथे तांब्यात कोरून वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झवर कायमची लावून ठेवलीय. या लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर, आणि कडी जेमतेम सव्वा सेंटीमीटरची. म्हणून लहरीला सुट्या कड्या दिसतच नाहीत, तिला सगळी पाटी एकच पदार्थ वाटते. हेच ते मेटामटेरियल : गुण तांब्याच्या अंगचा कमी, आकाराचा जास्त. जगदीशचंद्र बोस यांनी 1898 साली पिळलेल्या तागाच्या जुड्यांतून लहरी पाठवून त्यांच्या कंपनाची दिशा फिरवून दाखवली होती, तीही करामत पिळाची. आमच्याकडे सुंभ वळताना कुणाच्या मनात असलं काही येईल?

मागच्या बाजूला इवलेसे शॉट्की डायोड आहेत, ते लहरीची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, करतात. सोल्डरिंग अगदी स्वच्छ, त्याबद्दल बनवणाऱ्याला पूर्ण गुण.

राउटरपासून 10 सेंटीमीटरवर मल्टिमीटरने 1.9 व्होल्ट दाखवले, एक मीटरवर 0.4. सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, नेऊन टेकडीवरच्या मोबाईल टॉवरकडे तोंड करून धरली तर काही मिलिव्होल्टच. टॉवरची वारंवारता वेगळी, आणि लहर एवढी अशक्त झाल्यावर डायोड धड जागाच होत नाही. उभी पाटी आडवी केली की व्होल्ट एकदम पडतात, तेव्हा राउटरच्या अँटेनाच्या दिशेशी जुळवून घ्यावी लागते.

मग 1000 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडला आणि एका जुन्या एलसीडी घड्याळाचा बटणसेल काढून त्या जागी तारा दिल्या. घड्याळ चालू झालं. राउटरशेजारी ते गेले तीन महिने सेलविना चालतंय. जुलैत एका रात्री पावसात वीज गेली, राउटर बंद पडला, आणि तीन-चार मिनिटांत घड्याळाचे आकडे फिके होत विझले. शेजारी बसलेल्या भाच्याला तेव्हा कळलं की ही वीज हवेतली नव्हे, आमच्याच बिलातली. एवढं मला त्याला बोलून कधी पटवता आलं नसतं.

पावसाळ्याने पाटीची परीक्षा पाहिली. ऑगस्टमध्ये 1.9 चे 1.1 व्होल्ट झाले. भिंगातून बघितलं तर फटींच्या कडांवर हिरवट थर आणि दमट धूळ. फटीत ओल बसली की कंडेन्सरची क्षमता वाढते आणि कडी आपल्या स्टेशनावरून खाली सरकते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ केली, दिव्याखाली सुकवली, वर पारदर्शक लॅकरचा पातळ हात दिला. व्होल्ट 1.8 वर आले. उरलेला फरक लॅकरचाच, तोही फटीत बसतो ना. गोव्यात विकायची वस्तू कारखान्यातूनच लेप देऊन यायला हवी, म्हणून एक गुण कापला.

एक उपयोग मात्र जाहिरातीत कुठेच नाही. दुकानात मायक्रोवेव्ह ओव्हन येतात, तेही 2.45 गिगाहर्ट्झवर चालतात. दारातून लहरी गळतात का ते बघायला आत पाण्याचा पेला ठेवून ओव्हन सुरू करायचा आणि पाटी हातभर अंतरावरून दाराच्या कडेने फिरवायची. एका गिऱ्हाइकाच्या ओव्हनला बिजागरीपाशी मल्टिमीटरचा काटा उसळला, बाकी तिन्ही बाजू शांत. दार उघडून बघितलं तर तिथेच बिजागरी वाकलेली. गळतीची मान्य मर्यादा 5 सेंटीमीटरवर चौरस सेंटीमीटरला 5 मिलिवॉट अशी आहे, आणि ती मोजायला वेगळं मीटर लागतं. गळती कुठल्या कोपऱ्यात आहे एवढं मात्र ही पाटी नेमकं सांगते. दार बदलल्याशिवाय तो ओव्हन मी परत दिला नाही.

पाच पैकी साडेतीन. अकरावी-बारावीच्या मुलांना आणि दुरुस्तीवाल्यांना जरूर घ्या म्हणेन. घेतलीत तर लोखंडी कपाटावर टेकवून ठेवू नका, सगळं ट्यूनिंग बिघडतं. लाकडी फळीवर उभी ठेवा.